नाममात्र सभासद: मधपाळ होण्याची माझी दोन वर्षं

परवा आमच्या मधपाळांच्या सोसायटीचं पत्र आलं. माझ्या नावापुढे कंसात असायचा तो 'नाममात्र' शब्द या वेळी नव्हता. तो जायला दोन वर्षं लागली. या काळात किमान दहा-बारा बायकांनी मला विचारलंय, "मधमाश्यांच्या पेट्या कशा मिळतात गं?" प्रत्येकीला पहिल्यापासून सांगून दमले, म्हणून एकदाचं लिहून ठेवतेय.

आमचं गाव जावळी तालुक्यात, कोयनेच्या फुगवट्याच्या काठाला. साताऱ्याला जायचं तर लाँचनं बामणोली आणि तिथून कासवरून एसटी. महाबळेश्वरला जायचं तर लाँचनं तापोळं आणि पुढे जीप. गावातली निम्मी पुरुषमंडळी वाशीच्या मार्केटात माथाडी, आमचे हेही तिथंच. शेती म्हणजे भात, नाचणी, वरी, त्यात रानडुकरांचा आणि गव्यांचा वाटा वेगळा. मध आमच्याकडे नवा नाही. पण तो काढायचा कसा, तर ढोलीत धूर करायचा, पोळं उपसायचं आणि अळ्यांसकट पिळायचं. लहानपणी मीही तो फडक्यातून गाळलेला मध खाल्लाय. त्यात काय काय पिळलं जायचं ते आता कळतं.

मे २०२३ मध्ये आमच्या बचत गटाची सहल मांघरला गेली. महाबळेश्वरजवळचं हे गाव १६ मे २०२२ ला देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. तिथं एका घराच्या पडवीत बाईंनी आमच्यासमोर पेटी उघडली. तोंडावर जाळी नाही, हातात मोजे नाहीत. मी चार हात लांब उभी. निघताना मी त्यांना विचारलं, सुरुवात कुठून करू? त्या म्हणाल्या, "पेटी सरकार देईल. पण आधी सोसायटीत नाव घाल. माश्या पळून गेल्या तर सरकारला फोन करणार हायस का?"

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

जून २०२३: सोसायटी

आमच्या खोऱ्यातल्या मधपाळांची सोसायटी म्हणजे बाजाराच्या गावातल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, लोखंडी कपाट, भिंतीवर फुलोऱ्याचा तक्ता: कुठल्या महिन्यात काय फुलतं. मागच्या खोलीत मधाचे डबे, वजनकाटा आणि पोळं न मोडता मध काढायची चार मधयंत्रं. प्रवेश फी १०० रुपये, दोन फोटो, आधारची झेरॉक्स आणि दोन जुन्या सभासदांच्या सह्या. सह्यांसाठी दोन रविवार गेले, कारण ज्यांच्याकडे गेले ते दोघंही लग्नाला मुंबईला.

सचिवांनी पावती फाडली आणि सांगितलं, तुम्ही 'नाममात्र सभासद'. मधयंत्र भाड्यानं मिळेल, साखर मिळेल, मध घेऊ, सल्ला देऊ. पण मत नाही आणि लाभांश नाही. दोन हंगाम मध घातलात, त्यातून शेअर्सची रक्कम जमली, की पूर्ण सभासद. मला राग आला. पैसे घेताना बरं, मत द्यायला नको! पुढे कारण कळलं. अनुदानाच्या पेट्या घेऊन वर्षभरात त्यात कोंबड्या अंड्यावर बसवणारी माणसं मी स्वतः बघितली आहेत. पेटीचा आकारही अगदी तसाच असतो म्हणा.

जुलै ते नोव्हेंबर: कागद

राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाची 'मधकेंद्र योजना' आहे. निम्मं अनुदान, निम्मा आपला हिस्सा. वैयक्तिक मधपाळाला वय अठरा पूर्ण आणि लिहिता-वाचता येणं एवढं पुरतं. त्यांचं दहा दिवसांचं प्रशिक्षण मात्र घ्यावं लागतं.

मी आधार, पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला, फोटो घेऊन गेले. एका कार्यालयातल्या टेबलावर मला सातबारा मागितला. सातबारा सासऱ्यांच्या नावावर. ते जाऊन तीन वर्षं झालेली आणि वारस नोंद कोणी केलीच नव्हती. चार वारस, त्यातले तीन मुंबईत. तलाठ्याकडे अर्ज, मग फेरफाराची नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस, मग मंडल अधिकारी. सगळं होईपर्यंत गणपती आले. नोंद झाली ती माझ्या यजमानांच्या आणि भावंडांच्या नावावर, माझ्या नाही. मग त्याच टेबलावर म्हणाले, आता सगळ्या हिस्सेदारांचं संमतीपत्र आणा, शंभराच्या स्टॅम्पवर.

त्या दिवशी मी परतीच्या लाँचमध्ये रडले. सोबत किराण्याची पोती होती, त्यांच्यावर बसून.

दुसऱ्या दिवशी सोसायटीत गेले ते खरं तर नाव काढून घ्यायला. सचिवांनी सगळं ऐकलं, चहा सांगितला आणि साध्या कागदावर स्वयंघोषणापत्राचा मजकूर लिहून दिला. जमीन कोणाची, पेट्या कुठं ठेवणार, घरातल्या एका खातेदाराची संमती. वर सोसायटीच्या लेटरहेडवर एक ओळ: सदर जागा आमच्या प्रतिनिधीनं पाहिली आहे. आणि खरोखर दोन दिवसांनी माणूस जागा बघून गेला. अर्ज त्या कागदांवर घेतला गेला. स्टॅम्प लागलाच नाही. तेव्हा कोणी काही मागितलं, की आधी 'कुठल्या नियमानं?' असं विचारायचं हे मी शिकले. पण एकटीनं विचारलं तर उत्तर मिळत नाही. लेटरहेड बरोबर असलं की मिळतं.

दिलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेवा आणि आवक क्रमांक लिहून घ्या. माझा अर्ज एकदा 'सापडत नव्हता', तो क्रमांकामुळे सापडला.

निम्म्या हिश्शासाठी बचत गटातून २५,००० रुपये कर्ज काढलं, महिना एक टक्का व्याजानं. सासूबाईंचं म्हणणं, तेवढ्यात एक गाभण शेळी येते. त्यांचं चुकीचं नव्हतं.

जानेवारी २०२४: दहा दिवस महाबळेश्वर

प्रशिक्षण महाबळेश्वरच्या मध संचालनालयात. आम्ही बावीस जण, त्यात बायका सहा. पहिले दोन दिवस नुसतं फळ्यावर. आग्या माशी उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते, म्हणून ती पेटीत राहत नाही. फुलोरी फार लहान, तिचा मध चमचाभर. आपल्या डोंगरातली पेटीत राहणारी ती सातेरी: अंधारात, एकामागं एक समांतर पोळी बांधणारी. अंडं घातल्यापासून कामकरी माशी बाहेर यायला साधारण तीन आठवडे, राणीला त्याहून कमी. मी वहीत सगळं उतरवलं आणि तिसऱ्या दिवशी पेटी उघडली तेव्हा त्यातलं काहीच दिसेना. सगळ्या माश्या सारख्याच.

चौथ्या दिवशी भुवईला चावली. दोन दिवस डावा डोळा बंद. काटा लगेच काढायचा, उशीर झाला की पिशवीतलं विष आणखी आत जातं. नखानं खरवडून काढा की चिमटीत धरून, वेळ घालवायचा नाही. डोक्याला वासाचं तेल लावायचं नाही, काळे कपडे नकोत, आणि पेटीसमोर, म्हणजे त्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर उभं राहायचं नाही. ज्यांना चावल्यावर अंगभर गांधी येतात किंवा दम लागतो, त्यांनी हा धंदा करू नये आणि तडक दवाखाना गाठावा. आमच्यातला एक मुलगा याच कारणानं परत गेला. बिचाऱ्याची हौस सगळ्यात जास्त होती.

मार्च: पेट्या आल्या आणि तीन गेल्या

९ मार्चला दहा पेट्या आल्या. माश्यांना अंधारातच हलवायचं, म्हणून रात्री जीपनं तापोळं आणि पहाटे पहिल्या लाँचनं घर. लाँचवाल्यानं भीतीपोटी अर्धे पॅसेंजर घेतलेच नाहीत आणि त्यांचं भाडं माझ्याकडून घेतलं. जांभळीच्या सावलीत लोखंडी स्टँडवर पेट्या मांडल्या, तोंडं पूर्वेला, स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत म्हणजे मुंग्या चढत नाहीत.

मला इतका आनंद झाला होता, की मी रोज पेट्या उघडायचे. रोज. शेजारणी बघायला यायच्या, त्यांनाही उघडून दाखवायचे.

नवव्या दिवशी दुपारी मोठा गुणगुणाट ऐकू आला. भांडी टाकून धावले तर तिसऱ्या नंबरच्या पेटीतून माश्या दोरीसारख्या बाहेर ओतत होत्या. अंगणावर ढग झाला, दोन-तीन घिरट्या आणि गेल्या पाण्यावरून पलीकडे. पेटीत बघितलं तर मध संपवलेला, अंडी नाहीत, अळ्या नाहीत, दोन मेलेल्या माश्या. त्याच आठवड्यात आणखी दोन पेट्या गेल्या.

मांघरच्या बाईंचं वाक्य आठवलं. सोसायटीला फोन लावला. सचिव म्हणाले, "पेट्यांना हात लावू नका. आण्णांना पाठवतो."

आण्णा म्हणजे सत्तरीचे मधपाळ, पांढरी टोपी, खिशात तंबाखूची पुडी. सकाळच्या लाँचनं आले. आधी काहीच केलं नाही, बांधावर बसून पंधरा मिनिटं नुसते पेट्यांच्या दारांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सहा नंबरची पण निघायच्या बेतात हाय. बघ, पायाला पराग घेऊन येणारी एक तरी हाय का?" खरंच नव्हती. पराग येत नाही म्हणजे आत पिलावा, म्हणजे अंडी-अळ्या, नाही; पिलावा नाही म्हणजे राणीनं अंडी घालणं थांबवलंय, म्हणजे मुक्काम हलवायची तयारी. हे सगळं पेटी न उघडता कळतं.

त्यांनी पिशवीतून पत्र्याच्या पट्ट्या काढल्या. राणीफाटक. दारावर बसवलं, की कामकरी माश्या ये-जा करतात, पण अंगानं मोठी असल्यामुळे राणी बाहेर पडू शकत नाही. राणी आत म्हणजे वसाहत आत. सहा नंबरला फाटक, आत साखरेचा पाक, आणि बलवान पेटीतली पिलाव्याची एक चौकट (पोळं असलेली लाकडी फ्रेम) माश्या झटकून तिच्यात. "पोरंबाळं असली की घर सोडवत न्हाई," आण्णा म्हणाले. पेटी राहिली. ती अजून आहे.

पेट्या वारंवार का उघडू नयेत, ते त्यांनी एकाच वाक्यात सांगितलं: "तुझ्या घराचं छप्पर रोज कोण उचलाया लागलं तर तू ऱ्हाशील का?" आता मी आठ-दहा दिवसांतून एकदा, सकाळी, उन्हं आल्यावर उघडते.

आण्णांनी पैसे घेतले नाहीत. लाँचचं भाडं सोसायटी देते, म्हणाले. जेवून मात्र गेले.

मे: पहिला मध

एप्रिलात जांभूळ फुलली, मागोमाग हिरडा. पेटीत खालचा मजला पिलाव्याचा, वरचा मधाचा. वरच्या चौकटी भरत आल्या तसा मला धीर धरवेना. सोसायटीतून मधयंत्र आणलं, दिवसाला ५० रुपये भाडं, आणि दोन दिवसांत चार पेट्यांचा मध काढला. सुरी गरम पाण्यात बुडवून पोळ्यावरचं मेणाचं झाकण तासायचं, चौकटी यंत्रात उभ्या करायच्या आणि हँडल फिरवायचं. पत्र्यावर मध आदळल्याचा आवाज येतो, पहिल्या पावसाच्या टपोऱ्या थेंबांसारखा. पोळं शाबूत राहतं, माश्या तेच पुन्हा भरतात. सासूबाई पाच मिनिटं बघत उभ्या होत्या. मग स्वतःच हँडल हातात घेतलं. शेळीचा विषय त्यानंतर निघाला नाही.

११ किलो ४०० ग्रॅम. डबा घेऊन सोसायटीत गेले. सचिवांनी थेंबभर मध रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे मधातलं पाणी मोजायच्या यंत्राच्या, काचेवर घेतला, उजेडाकडे धरून बघितलं आणि यंत्र माझ्या हातात दिलं. पाणी साडेतेवीस टक्के. कायद्यानं मधात वीस टक्क्यांवर पाणी चालत नाही. आमच्या दमट डोंगरातला सातेरीचा मध मुळात पातळ, म्हणून सोसायटी तो मंद आचेवर प्रक्रिया करून आटवते. तरी साडेतेवीस जास्तच. "झाकण धरायच्या आधी काढलात ना?" त्यांनी विचारलं. चौकटीचा निदान तीन चतुर्थांश भाग माश्यांनी मेणानं बंद केलेला हवा, हे प्रशिक्षणात दोनदा सांगितलं होतं. माझ्या निम्म्या चौकटी उघड्याच होत्या.

सोसायटीचा दर किलोला ५०० रुपये, पण बावीस टक्क्यांवर पाणी असेल तर ४५०. माझे झाले ५,१३०. त्यातले दहा टक्के शेअर्सकडे, म्हणजे ५१३ वजा, यंत्राचं भाडं १०० वजा. हातात ४,५१७, तेही चाळीस दिवसांनी, खात्यावर. रस्त्याकडेला पर्यटकांना विकला असता तर जास्त आले असते, हे खरंय. पण तिथं उभं कोण राहणार? आणि प्रत्येक गिऱ्हाईक पाण्याच्या ग्लासात थेंब टाकून 'शुद्ध आहे का' बघणार. त्या ग्लासाच्या परीक्षेला काही अर्थ नाही, दाट पाकही तळाशी जातो. तसंच थंडीत मध गोठला म्हणजे साखर घातली असंही नाही. सोसायटी प्रत्येक हंगामाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवते, त्याचा खर्च सगळ्यांत वाटला जातो. एकटीला ते परवडणारं नव्हतं.

घरून थोडा विकायचा तरी अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी लागते. लहान धंद्याला मी केली तेव्हा वर्षाला १०० रुपये होती. ऑनलाइन अर्ज सोसायटीतल्या मुलानं भरून दिला.

पावसाळा, आणि स्वस्तातली पेटी

पावसाळ्यात आमच्याकडे चार महिने माशीला खायला नसतं. निम्मं पाणी, निम्मी साखर असा पाक संध्याकाळी पेटीच्या आत ठेवायचा. दिवसा ठेवला किंवा बाहेर सांडला, की शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटालूट करतात. सोसायटी साखर घाऊक भावानं आणते. मला ३० किलो लागली. मेणकिड्यानं दोन अशक्त पेट्या खाल्ल्या. पोळ्यात कोळिष्टकासारखी जाळी आणि आत पांढऱ्या अळ्या, वास अजून नाकात आहे. पावसाळा संपला तेव्हा पाच पेट्या उरल्या होत्या.

मधल्या काळात शहाणपणा करून मी गावच्या सुताराकडून एक पेटी स्वस्तात करून घेतली. दिसायला सुबक. पण चौकटी आणि भिंत यांमधली जागा त्यानं अंदाजानं सोडली. माशीला ये-जा करायला लागते त्याहून जागा जास्त झाली की ती तिथं पोळं बांधते. महिन्याभरात चौकटी भिंतीला अशा चिकटल्या, की एक उचलताना तीन तुटल्या आणि मध, अळ्या, माश्या यांचा चिखल झाला. सोसायटीत एक लाकडी माप टांगलेलं आहे, कोणीही आपल्या सुताराला दाखवायला न्यावं. मी ते वर्षभर खुंटीवर बघत होते आणि मला वाटायचं दाराची आडकाठी आहे.

सप्टेंबर २०२४: वार्षिक सभा

सहकारी संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. मला मत नव्हतं, पण बसायला मिळालं. दीड तास ताळेबंद. खरी सभा त्यानंतर झाली. एका सभासदाच्या सात पेट्या शेजारच्या मळ्यातल्या फवारणीनं मेल्या होत्या. भांडणं झाली. शेवटी ठरलं, की सोसायटीनं आसपासच्या बागायतदारांना पत्र द्यायचं: फवारणी संध्याकाळी करा आणि आदल्या दिवशी फोन करा. तेव्हापासून व्हॉट्सॲप ग्रुपवर 'उद्या फवारणी' असा निरोप येतो, आणि आम्ही रात्री दारं बंद करतो. सगळे बागायतदार ऐकतात असं नाही. निम्मे ऐकतात.

कारवीवरूनही बराच वेळ गेला. ती सात वर्षांनी एकदा फुलते, तेव्हा पेट्या कुठल्या पठारावर न्यायच्या, कोणाच्या किती, यावर जुन्यांचे जुने वाद आहेत. मधाच्या सरकारी मानकांतही कारवीच्या मधाला साखरेच्या प्रमाणासाठी वेगळी मर्यादा दिलेली आहे, हे मला त्या सभेत कळलं.

डिसेंबर ते मे २०२५

डिसेंबरात आण्णांबरोबर जाऊन आमच्याच बांधावरच्या उंबराच्या ढोलीतली वसाहत धरली. आसपास कोयना अभयारण्य आहे, तिथल्या जंगलातलं पोळं काढणं गुन्हा, म्हणून मालकीच्या जागेतलीच. पोळी एकेक कापून केळीच्या सोपानं चौकटींना बांधली. राणी दिसेना. तासाभरानं आण्णांनी माझा हात धरून ढोलीच्या तोंडाशी नेला: माश्यांचा एक गोळा, त्यात लांब, तांबूस पोटाची एक. ती काड्यापेटीत धरून पेटीत सोडली आणि पाच मिनिटांत बाकीच्या आपणहून दारातून आत जायला लागल्या, वरात मांडवात शिरावी तशा. अशा दोन धरल्या, आणि फेब्रुवारीत दोन बलवान वसाहतींचे भाग करून आणखी दोन झाल्या. एकूण नऊ.

या मे महिन्यात ३४ किलो. पाणी साडेएकवीस. या वेळी झाकण पूर्ण धरेपर्यंत थांबले, हात पाठीमागं बांधून. १७,००० रुपये झाले, त्यातले दहा टक्के शेअर्सला. बचत गटाचं कर्ज अजून ९,००० बाकी आहे, म्हणजे दोन वर्षांनी मी फायद्यात आहे असं कोणाला सांगू नका. पुढच्या हंगामात फिटेल, पेट्या टिकल्या तर.

आता पाऊस तोंडावर आलाय. रिकाम्या मधाच्या कोठ्या, म्हणजे पेट्यांचे वरचे मजले, काढून, उन्हं देऊन माळ्यावर टाकायच्या आहेत. मधपाळांच्या नोंदणीसाठी असलेल्या केंद्राच्या मधुक्रांती पोर्टलवर माझी नोंदणी पेटीच्या फोटोपाशी अडकलीय, रेंज मिळाली की लाँचमध्ये बसून पुन्हा करीन. आणि साखरेचा २० किलोचा पहिला हप्ता सोसायटीतून उचलायचाय, वाऱ्यानं लाँच बंद पडायच्या आत.